पडदा आतून कसा दिसतो?

(हिंगोलीत तरुण मुलामुलींसाठी लघुपट दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन.)



मघाशी आपण तीन लघुपट पाहिले. पहिला संपला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, ‘‘पण स्टोरी काय होती?’’ सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण तो लघुपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मीही हेच विचारलं होतं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इनपुट काय, आउटपुट काय, मधे काय बिघडलं, एवढंच विचारायची सवय. त्यामुळे सिनेमावर बोलायचा मला अधिकार नाही. पण मोबाइलवर एक लघुपट बनवताना माझ्याकडून एक मोठी चूक झाली, आणि ती चूक काय होती हे सांगायला मी आज आलो आहे. त्याआधी पहिल्या दोन लघुपटांबद्दल बोलू.

पहिला लघुपट मकबूल फिदा हुसेन यांचा, ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’. म्हणजे चित्रकाराच्या नजरेतून. साल १९६७. हुसेन आपल्या महाराष्ट्रातलेच. जन्म १९१५चा, गाव पंढरपूर. तान्हे असतानाच आई गेली. मुंबईत आले तेव्हा पोटासाठी सिनेमाची मोठमोठी होर्डिंग रंगवायचे. पुढे सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननं या चित्रकाराच्या हाती सिनेमा दिला. जुन्या लोकांना फिल्म्स डिव्हिजन म्हटलं की थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवल्या जाणाऱ्या धरणांच्या आणि कुटुंबनियोजनाच्या फिल्मा आठवतात. पण त्याच कचेरीत साठीच्या दशकात काही वर्षं असे वेडे प्रयोगही झाले. हुसेन राजस्थानात गेले, बुंदी, चितोड, जैसलमेरला, आणि चित्रीकरण करून आले. त्या लघुपटाला बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचं ‘गोल्डन बेअर’ मिळालं.

आणि त्यात आहे काय? सुरुवातीलाच हुसेन समोर येऊन सांगून टाकतात की यात गोष्ट शोधू नका. मग काळी-पांढरी दृश्यं. छत्री. कंदील. जोडा. गल्ल्या, भिंती, माणसं, जनावरं. खाली संगीत. कोणी काही समजावून सांगत नाही. मघाशी एक मुलगी म्हणाली, ‘‘छत्री बघून मला आमचे नाना आठवले, पाऊस नसला तरी छत्री घेऊन बाजाराला जायचे.’’ दुसरा म्हणाला, ‘‘मला वाटलं, छत्रीचा मालक मेला असेल.’’ छत्री एकच, पण दोघांच्या मनात तिचे दोन अर्थ निघाले, आणि दोघांचंही बरोबर. रूपक म्हणतात ते हेच. शाळेत आपण रूपक अलंकार पाठ केला, दोन मार्क मिळवले आणि विसरलो.

आपल्या जिल्ह्याला तर हे नवीन नाही. नामदेवांचं नर्सी इथून जवळ आणि औंढा नागनाथही जवळच. विसोबा खेचरांची कथा इथल्या लहान पोरालाही माहीत असते. विसोबा शिवलिंगावर पाय ठेवून झोपलेले. नामदेव चिडले, पाय काढा म्हणाले. विसोबा म्हणाले, ‘मी म्हातारा झालो रे बाबा, जिथं देव नाही तिथं तूच उचलून ठेव.’ नामदेव पाय ठेवतील तिथं पिंड. तीन मिनिटांचा लघुपट आहे हा. त्यात कोणी भाषण देत नाही, आणि तरी शेकडो वर्षं लोक त्यावर विचार करताहेत.

आता मुद्द्याकडे येतो. आपल्यासारख्यांना रूपक कशासाठी हवं?

मी मूळचा वसमतचा. घरात आम्ही दखनी बोलतो, बाजारात मराठी, नोकरीत इंग्रजी. पुण्यात मला पहिल्याच महिन्यात एकानं कौतुकानं सांगितलं, ‘‘तुमचं मराठी किती छान आहे हो!’’ मी विचारलं, ‘‘तुमचंही छान आहे, कुठं शिकलात?’’ त्याला विनोद कळला नाही. घर भाड्यानं बघताना नाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची, नाव सांगितल्यावर ‘कालच एकांना दिली’ व्हायची. हे तुमच्यातल्या कित्येकांनी भोगलं असेल, त्यामुळे लांबवत नाही. त्या माणसाला राग माझा नव्हता. त्याच्या डोक्यात एक चित्र आधीच होतं आणि मी त्या चित्रात जाऊन बसलो, एवढंच.

ते चित्र कुठून येतं? बरंचसं सिनेमातून. एक काळ होता, ‘मेरे महबूब’ १९६३चा, ‘पाकीजा’ १९७२चा. त्यात मुसलमान म्हणजे नवाब, शेरोशायरी, झुंबर. आमच्या घरात झुंबर कधी नव्हतं. एक बल्ब होता, तोही लोडशेडिंगमध्ये गेलेला. मग पुढच्या काळात डोळ्यांत सुरमा, मागे हिरवी भिंत, पार्श्वभूमीला अजान आणि हातात बंदूक. झुंबर असो की बंदूक, दोन्हीही शिक्केच. मधे ‘दीवार’मधला ७८६चा बिल्ला येऊन गेला, १९७५ साली. तो हिंदू नायकाकडे होता, म्हणून आमच्या मामूंना अजून त्याचं कौतुक. पण वसमतच्या बाजारात हळदीची पोती वाहणारा, मुलीच्या लग्नाची चिंता करणारा, दुपारी पेपर वाचत डुलकी घेणारा मुसलमान पडद्यावर क्वचितच दिसला.

शिक्का आणि रूपक यांत फरक काय? शिक्क्याला अर्थ एकच असतो आणि तो दुसऱ्यानं ठरवलेला असतो. रूपकाला निदान दोन अर्थ असतात, आणि दुसरा अर्थ त्या वस्तूसोबत जगलेल्या माणसालाच ठाऊक असतो. हुसेननी राजस्थानात जाऊन उंटावरचा राजा दाखवला असता तर तो शिक्का झाला असता. त्यांनी जोडा दाखवला.

दुसरा लघुपट, ज्याला तुम्ही टाळ्या वाजवल्या, तो ‘अबिद’. दिग्दर्शक प्रमोद पती, साल १९७२, पुन्हा फिल्म्स डिव्हिजन. पाचेक मिनिटांचा. खोलीत एक माणूस आहे, चित्रकार आबिद सुरती. भिंती, जमीन, सगळीकडे रंग चढत जातो आणि माणूस चालत नाही, तर सरकतो, उडतो, इथून गायब होऊन तिथं उगवतो. हे कसं केलं? सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. साधारणपणे कॅमेरा ती सलग घेतो. इथं एक चित्र घ्यायचं, थांबायचं, माणसानं थोडं सरकायचं, पुन्हा एक चित्र. या तंत्राला पिक्सिलेशन म्हणतात. पती प्रागमध्ये बाहुल्यांचं ॲनिमेशन शिकून आले होते. बाहुलीला जसं इंचाइंचानं हलवतात तसं त्यांनी जिवंत माणसाला हलवलं. तुमच्या फोनवर हे आज फुकट करता येतं.

मला त्यात काय दिसलं ते सांगतो. तुम्हाला वेगळं दिसू शकेल. मला दिसलं की जिवंत माणसाला वस्तूसारखं उचलून इकडून तिकडं ठेवलं जातंय. कधी या चौकटीत, कधी त्या. पण खोलीला रंग कोण देतोय? तोच माणूस देतोय. हलवणारे हलवतात, तरी रंगाचा डबा त्यानं सोडलेला नाही.

आबिद सुरतींबद्दल आणखी एक. हेच ते ‘ढब्बूजी’ काढणारे, ‘बहादूर’ कॉमिकचे जनक. मीरा रोडला राहताना २००७ साली त्यांनी ड्रॉप डेड फाउंडेशन सुरू केलं. रविवारी प्लंबर सोबत घ्यायचा, इमारतीत दारोदार जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. दार उघडणाऱ्याला विचारायचं एकच, ‘नळ गळतोय का?’ गळका नळ हेही रूपकच झालं की. फक्त यातून पाणीही वाचतं.

पैसे नाहीत, साधनं नाहीत, हे कारण मला सांगू नका. मालेगाव माहीत आहे ना, यंत्रमागांचं गाव. तिथं नासिर शेख यांनी ‘मालेगाव के शोले’ बनवला. त्यांच्या गटावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, तो जरूर बघा. कॅमेरा सरकवायला ट्रॉली नाही, तर सायकल. क्रेन नाही, तर बैलगाडी. आणि सुपरमॅन कोण? यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक शेख. हसता हसता लक्षात येतं, त्या अंगावर तो निळा-लाल पोशाख ढिला पडतो तेव्हा सबंध गावाची कथा सांगून होते. ते लोक याला रूपक वगैरे म्हणत नव्हते. ते सिनेमा बनवत होते.

आणि आपल्या मराठीत नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ आहे. मुलाला शाळेतून पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलेला, आणि घरी तोच पाऊस छपरातून आत आलेला. निबंधातला पाऊस वेगळा, घरातला वेगळा. ज्यांनी गळक्या घरात अभ्यास केलाय त्यांना यावर व्याख्यान लागत नाही. २०१७ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत कथेतर विभागात दिग्दर्शनाचा पुरस्कार त्याला मिळाला.

आता तिसरा लघुपट. तो माझा आहे, त्यामुळे चांगला म्हणण्याची सक्ती नाही.

माझे अब्बा शिंपी. आमच्या घराच्या दाराला त्यांनी शिवलेला पडदा आहे. गिऱ्हाइकांच्या कापडातून उरलेल्या तुकड्यांचा. शाळेच्या पँटचं निळं, कुणाच्या शेरवानीचं चकचकीत, कुणाच्या ब्लाउजचं, छत्रपती चौकातल्या बँडवाल्यांच्या कोटाचं लाल. तीनएक वर्षांपूर्वी मी ठरवलं, या पडद्यावर लघुपट करायचा. आपल्या भाषेची गंमत बघा. दाराचाही पडदा, सिनेमाचाही पडदा आणि बायकांनी पाळायचाही पडदाच. इतकं तयार रूपक मिळाल्यावर मी खूश.

मी रस्त्यावर कॅमेरा लावला. येणारेजाणारे पडद्याकडे बघतात. कुणी संशयानं, कुणी कुतूहलानं. कुणी थांबत नाही, कुणी आत येत नाही. शेवटी वारा येतो, पडदा हलतो, पण आतलं काही दिसत नाही. सहा मिनिटं. सांगायचं एवढंच होतं की तुम्ही आम्हाला बाहेरूनच बघता. पुण्यात ऑफिसातल्या मित्रांना दाखवला. सगळे गप्प झाले, एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जमलं.

ईदला घरी गेलो. फोन स्टीलच्या डब्याला टेकवला आणि सगळ्यांना दाखवला. माझी आपा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, तीही होती. बघून झालं. तिनं ताटं उचलत उचलत म्हटलं, ‘‘तू परदा बाहर सेइच बताया रे. अंदर से कब बताएगा?’’

मला राग आला. तुला सिनेमातलं काय कळतं, असं तोंडावर येता येता राहिलं. पण वाक्य काही डोक्यातून जाईना. आमच्या कामात कोड रिव्ह्यू नावाची गोष्ट असते. तुम्ही लिहिलेला प्रोग्राम दुसरा माणूस वाचतो आणि मगच तो पुढे जातो. का? कारण लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. त्यानं जे गृहीत धरलेलं असतं तिथंच ती लपलेली असते. मी काय गृहीत धरलं होतं? की पडद्याच्या आत आम्ही सगळे एक आहोत आणि अन्याय फक्त बाहेरून येतो.

आपाला बारावीला चांगले मार्क होते. तिला डी.एड. करायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं. घरात चर्चा झाली. चर्चा म्हणजे अब्बा आणि चाचा बोलले, अम्मी चूल सारवावी तशी शांत बसली. पैसे नाहीत, परगावी मुलीला कसं ठेवायचं, लोक काय म्हणतील. संपलं. पुढे माझ्या इंजिनिअरिंगसाठी कर्ज काढलं गेलं. तेव्हा परगाव आडवं आलं नाही, लोकही काही म्हणाले नाहीत. आपा त्या वर्षांत त्याच पडद्याआड बसून काज-बटणं करायची. त्या पैशांतून माझी मेस भागायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी बोललो नाही. मला ते सोयीचं होतं.

म्हणजे पुण्यातला घरमालक मला दारात थांबवत होता, हे खरं. आणि आमच्या घरात आपाला दारात थांबवलं होतं, हेही खरं. मी पहिल्याचा सिनेमा केला, कारण त्यात मी बिचारा होतो. दुसऱ्यात मी बिचारा नव्हतो.

मी आपाला म्हटलं, पुन्हा करू, आतून. ती लगेच हो म्हणाली नाही. महिनाभरानं म्हणाली आणि तीन अटी घातल्या. एक, चेहरा नको, हात दाखव. दोन, रडकं म्युझिक लावायचं नाही. आणि तिसरी अट ऐकून मी चाट पडलो. ‘‘पडदा वाईट आहे असं दाखवू नको. उन्हाळ्यात दार उघडं ठेवून दुपारी जरा आडवं होता येतं ते त्याच्यामुळंच.’’

बघा, मघाशी मी दोन अर्थांचं म्हणालो ते हे. माझ्यासाठी पडदा म्हणजे एक तर बाहेरच्यांचा संशय, नाही तर आतली कैद. म्हणजे मीही शिक्काच मारत होतो, फक्त शाई बदलून. तिच्यासाठी तो अडसर होता आणि आडोसाही होता. हे ज्याला त्याच्या आत राहावं लागलं त्यालाच सांगता येतं.

तर तुम्ही मघाशी पाहिलात तो दुसरा पडदा. कॅमेरा आत, जमिनीवर. सकाळचं ऊन निळ्या तुकड्यातून येतं, दुपारी लालमधून. पडद्याखालच्या फटीतून शाळेला जाणाऱ्या मुलांचे बूट दिसतात. मशीनचा आवाज. सुईत दोरा ओवणारे हात. पुन्हा बूट, आता परतीचे. बस. मशीनचा आवाज थांबतो तेव्हा लघुपट संपतो.

अब्बांना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘ये सबको बताने वाले हैं क्या?’’ मी आपाकडे पाहिलं. ती म्हणाली, ‘‘हो, दाखवणार आहोत.’’ मराठीत म्हणाली, का ते मला माहीत नाही. अब्बा उठून दुकानात गेले.

त्यामुळे आमच्या घरात क्रांती झाली असं मी सांगणार नाही. आपाची वर्षं परत येणार नाहीत. पण तिची मुलगी आता दहावीत आहे, आणि पुढं कुठं शिकायचं याची चर्चा घरात होते तेव्हा आपा त्या चर्चेत बसलेली असते. आधी तो विषयच निघत नव्हता. लघुपटामुळं झालं की काळ बदलल्यामुळं, मी सिद्ध करू शकत नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आणि मागे एकानं मला म्हटलंही आहे, ‘‘सध्या बाहेर इतकं चाललंय, अशा वेळी घरातलं कशाला चव्हाट्यावर?’’ प्रश्न खोटा नाही. आपली टीका उचलून दुसरे आपल्याच विरुद्ध वापरतात, हा अनुभव आहे. पण हुसेन यांचं काय झालं ते आठवा. १९९६पासून त्यांच्या चित्रांवरून हिंदुत्ववादी संघटनांनी त्यांच्यामागं खटल्यांचा आणि हल्ल्यांचा ससेमिरा लावला. २००४ साली त्यांचा ‘मीनाक्षी’ हा सिनेमा आला तेव्हा त्यातल्या कव्वालीवर काही मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो थिएटरातून काढून घ्यावा लागला. शेवटी ते देश सोडून गेले, २०१०मध्ये कतारचे नागरिक झाले, २०११मध्ये लंडनमध्ये वारले. पंढरपूरला जन्मलेला माणूस. पहिल्या अन्यायाविरुद्ध आपण बोललो. दुसऱ्या वेळी आपल्यातले किती जण बोलले? रूपकाला एकच अर्थ असला पाहिजे आणि तो आम्हीच ठरवणार, हा हट्ट दोन्हीकडे सारखाच आहे. बाहेरचा शिक्का नको असेल तर घरातला शिक्काही खाली ठेवावा लागेल.

आता कामाचं बोलू. ज्यांना लघुपट करायचाय त्यांच्यासाठी चार गोष्टी.

घरातली एक वस्तू निवडा. विषय निवडू नका. ‘सामाजिक एकता’ हा विषय झाला, त्यावर फक्त पोस्टर होतं. अब्बांची कात्री, हळद शिजवायची कढई, नानीचा पानदान, रेशनकार्ड, दोन भावांत वाटलेली भिंत, या वस्तू आहेत. पाच मिनिटांच्या वर जाऊ नका.

आवाजाकडे लक्ष द्या. चित्र जरा खराब असलं तरी लोक बघतात, आवाज खराब असला तर उठून जातात. चित्रीकरणावेळी पंखा बंद करा, फोन आडवा धरा.

निवेदन लिहू नका. समजावून सांगायची फार हौस असते आपल्याला, माझंच हे भाषण बघा. लघुपटात ती आवरा. वस्तू पुरेशी वेळ दाखवली की बघणारा स्वतः बोलायला लागतो.

आणि शेवटची, माझ्या चुकीतून आलेली. लघुपट झाला की महोत्सवाला पाठवण्याआधी, इंटरनेटवर टाकण्याआधी, ती वस्तू ज्याच्या वाट्याला आलेली आहे त्याला दाखवा. पडदा असेल तर पडद्याच्या आत बसणाऱ्या बाईला. कढई असेल तर तिच्याशी भाजणाऱ्या मजुराला. तो म्हणाला ‘हे असं नाही’, तर वाद घालू नका, कॅमेरा उचला आणि तो सांगेल त्या बाजूला जाऊन बसा. त्याची परवानगी नसेल तर लघुपट नाही, मग तो कितीही भारी असू दे.

मघाचा प्रश्न राहिला, स्टोरी काय होती. छत्रीची स्टोरी हुसेननी सांगितली नाही. तुमच्या नानांच्या छत्रीची तुम्हालाच सांगावी लागेल. सांगाल ना? चहा आलाय, प्रश्न चहा घेत घेत विचारा.